आत्तींची किडनी

"शैला, माज्या किडनीला पाणी पाजलंस का?"

रोजचा चारचा फोन माझ्या कानाला होता, पण आत्तींचा आवाज कुठल्याही फोनला पुरून उरायचा. खिडकीपलीकडे एक गृहस्थ वीजबिल नाचवत माझ्यावर ओरडत होते, ते एकदम गप्प झाले. शेजारच्या टेबलावरच्या कुंभारबाईंनी फायलीत तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

"पाजते, आत्ती," मी हळू आवाजात म्हणाले.

"पाजते न्हवं, पाज. मी फोन धरून हाय."

मी बाटली काढली आणि वीज कंपनीच्या कराड कार्यालयातल्या समस्त कर्मचारी व ग्राहकवर्गासमोर घटाघटा पाणी प्याले. फोन गळ्याजवळ धरून. आवाज ऐकू गेल्याशिवाय आत्तींचं समाधान व्हायचं नाही.

"हां. आता कर काम," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"कुणाची किडनी?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं. बिल ते विसरले होते.

"सासूबाईंची," मी म्हणाले. "माझ्याकडे असते."

ते बिल न भांडता भरून गेले. आत्तींच्या फोनचा हा एक फायदा होता, मी मान्य केलं पाहिजे.

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्तींचं नाव गजराबाई. नाव ऐकून कुणाला फुलांची आठवण झालीच, तर ती त्यांना प्रत्यक्ष भेटेपर्यंत टिकायची. माझ्या दोन्ही किडन्या पस्तिशीतच निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यायचं आणि उरलेल्या दिवशी लोकांची बिलं दुरुस्त करायची, असं माझं चाललं होतं. नवऱ्याची किडनी चालण्यासारखी नव्हती, धनाजींना साखरेचा आजार. माझ्या सख्ख्या भावाची चालली असती, पण तपासणीची तारीख जवळ आली की त्याच्या बायकोला चक्कर यायची. तिला तीन वेळा चक्कर आल्यावर मी तो नाद सोडला.

आणि मग एक दिवस भाकरी थापता थापता आत्ती म्हणाल्या, "माजी बघा की लागती का."

जणू काही चप्पल.

लागली. सासूने सुनेला किडनी द्यायची म्हटल्यावर सरकारी समितीला मात्र दरदरून घाम फुटला. असं प्रकरण त्यांच्यापुढे रोज येत नसावं. पाच जण टेबलापलीकडे बसले होते आणि आत्ती अलीकडे, डोक्यावर पदर घेऊन.

"आजी, तुमच्यावर कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?" त्यातल्या मुख्य साहेबांनी विचारलं.

आत्तींनी सगळीकडे बघितलं. "कुणावर? माज्यावर?"

धनाजींना हसू फुटलं, त्यांना बाहेर काढण्यात आलं.

"मग किडनी का देताय?"

"पोराचं दुसरं लगीन करायची ताकद न्हाई ऱ्हायली आता माज्यात," आत्ती म्हणाल्या. "एकदा केलं त्येवढं बास झालं."

समितीने परवानगी दिली. मी मात्र ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं. पुढे कुणी मला "काय नशीबवान आहेस गं, आईसारखी सासू!" असं म्हणालं की मी ते बाहेर काढून बघायचे.

ऑपरेशननंतर माझ्या अंगात आत्तींचं ठाणंच बसलं. माझ्या किडनीला आंबट नको. माझ्या किडनीला वारं लागंल, पोटाला फडकं बांध. माझ्या किडनीला घेऊन सिनेमाला कशाला जातीस, तिथं एसी असतो. घरात फोडणीचा जुना स्टीलचा डबा होता, सात वाट्यांचा. तो त्यांनी घासूनपुसून माझ्या गोळ्यांना दिला. मोहरीच्या वाटीत सकाळची, हळदीच्या वाटीत दुपारची, हिंगाच्या छोट्या वाटीत ती पांढरी-पिवळी कॅप्सूल. ती म्हणे सगळ्यात महत्त्वाची. गोळ्या माझ्या, पण डबा आत्तींचा. त्या वाढतील तेव्हा आणि तेवढंच मी खायचं, जसं स्वयंपाकघरात चालत आलं होतं तसंच.

या गोळ्यांचं काम एवढंच की माझ्या शरीराला झोपवून ठेवायचं. शरीर म्हणजे अडाणी वस्तू. ही किडनी परकी आहे, हिला हाकलून द्या, एवढंच त्याला कळतं. मला तर मनातून त्याचं म्हणणं पटायचं.

दोन वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं. मग माझ्या मानेत गाठी आल्या.

आधी एक, मग शेजारी दुसरी. संध्याकाळी कणकण यायची, घसा आतून सुजायचा, साडीच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या. कुंभारबाई म्हणाल्या, "बारीक झालीस, छान दिसतेस." माणसं तरी काय, आजारी बाईला चार शब्द चांगले बोलतात.

कोल्हापूरला ज्यांच्याकडे माझे उपचार चालत, त्या हत्तरकी मॅडम. गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बसवलं आणि दार लावून घेतलं. डॉक्टर दार लावतात तेव्हा पेढे देणार नसतात, एवढं मला कळत होतं.

"हा एक प्रकारचा लिम्फोमा आहे," त्या म्हणाल्या. "रसग्रंथींचा कॅन्सर. असा क्वचित होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्यांना होतो."

"कशामुळे?" धनाजींनी विचारलं.

"एक विषाणू असतो. जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, लहानपणीच शिरतो. तुमच्या असेल, माझ्या असेल. तो झोपून असतो, कारण अंगातला पहारा जागा असतो. शैलाताईंचा पहारा आपण किडनीसाठी झोपवलाय. त्यामुळे तो उठला आणि त्याने पेशी बिघडवल्या."

"म्हणजे किडनी वाचवायला घेतलेल्या गोळ्यांनी कॅन्सर झाला," मी म्हणाले. "छान. एकावर एक मोफत."

मॅडम हसल्या नाहीत. "पहिला उपाय सोपा आहे, आणि अवघडही. गोळ्या कमी करायच्या. एक पूर्ण बंद, कॅप्सूल निम्मी. पहारा जागा झाला की बऱ्याच जणांच्या गाठी आपोआप विरतात. पण पहारा जागा झाल्यावर तो किडनीवरही जाऊ शकतो."

"म्हणजे किडनी जाईल?"

"जाऊ शकते. मग पुन्हा डायलिसिस."

"आणि गोळ्या कमी नाही केल्या तर?"

"तर तुम्ही जाल," मॅडम म्हणाल्या. मला त्या पहिल्यापासून आवडायच्या त्या यासाठीच.

येताना एसटीत धनाजी एकच गोष्ट बोलले. "आईला सांगायचं नाही."

आमच्या घरात हा नियम फार जुना. वाईट बातमी असली की ती सगळ्यांना कळते, फक्त ज्याला कळायला हवी त्याला सोडून. रात्री विट्याहून माझ्या नणंदेचा, छायावन्संचा फोन आला. त्यांना सगळं कळवलं. त्यांनी आपल्या जावेला कळवलं. आत्तींना काय सांगायचं यावर फोनवर चर्चा झाली. कॅन्सर शब्द काढायचा नाही. किडनी जाईल हे तर अजिबातच सांगायचं नाही, आई हाय खाईल. मग गोळ्या का कमी केल्या? सुधारणा आहे म्हणून! किडनी आता रुळली, जास्त गोळ्यांची गरज नाही. मानेतल्या गाठी? टॉन्सिल.

"खोटं खरं वाटायला पाहिजे," वन्सं म्हणाल्या. "दादा, तू असं कर, पेढे आण."

दुसऱ्या दिवशी धनाजी अर्धा किलो पेढे घेऊन आले. चेहरा असा की पेढे विकत नव्हे, चोरून आणलेत.

"आई, तोंड गोड कर. डॉक्टर म्हणाल्या, किडनी एकदम मस्त. शैलीच्या गोळ्या कमी केल्या!"

आत्ती तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी धनाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या मानेकडे, आणि मग त्या पुड्याकडे.

"कमी केल्या?"

"निम्म्याच ठेवल्यात! सुधारणा आहे ना!"

"कोण म्हटलं सुधारणा?"

"डॉक्टरच म्हणाल्या की."

आत्तींनी पुडा घेतला, उघडला नाही. फळीवर चहाच्या डब्यामागे सारला आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, किडनीच्या गोळ्या कमी केल्याचा राग. आपला माल दुसऱ्याकडे ठेवायला दिला आणि त्याने झाकण उघडं टाकलं, तसा राग. पेढ्यांना पुढे मुंग्या लागल्या, मग बुरशी आली. धनाजींनी तो पुडा गुपचूप उकिरड्यावर टाकला.

हिंगाच्या वाटीत दोनच्या जागी एक कॅप्सूल दिसायला लागली. हळदीची वाटी रिकामी झाली. आत्तींनी डबा पहिल्यासारखाच सांभाळला, फार काही बोलल्या नाहीत. चारचा फोन मात्र चालू होता. उलट तो आता तीनलाही यायला लागला.

आणि पेज सुरू झाली.

दोन्ही वेळ, जेवणाआधी, वाटीभर नाचणीची पेज. आत्ती ती माझ्यापुढे ठेवायच्या आणि समोर मांडी घालून बसायच्या.

"आत्ती, ही कडू का लागते?"

"मेथी घातलीया. ताकद येती."

"मेथी अशी कडू नसते. ही औषधासारखी कडू आहे."

"मग तू कर सैपाक," आत्ती म्हणाल्या. "मी जाती वीज मंडळात."

मी वाटी रिकामी केली. आत्ती वाटीत बोट फिरवून बघायच्या, तळाला काही राहिलंय का. राहिलं असेल तर त्यात पाणी घालून तेही पाजायच्या. मी वैतागायचे. एवढी काळजी त्यांनी मी नवीन सून असताना घेतली असती तर मी त्यांच्या नावाने उपास धरला असता. पण तेव्हा माझ्या अंगात त्यांचा अवयव नव्हता ना.

गाठी विरायला पाहिजे होत्या. त्या वाढल्या. मानेतल्या दोन होत्या, त्यात काखेतली एक आली. संध्याकाळी पायऱ्या चढताना मला दम लागायचा. धनाजी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि आम्ही सगळे पाणी फार जातंय असं म्हणायचो. छायावन्सं पोरांना न घेताच भेटायला आल्या, मला मिठी मारली आणि चहाही न घेता परत गेल्या. सुधारणेचं एवढं नाटक करून सगळे असे वागत होते, की माझ्या तेराव्याची भांडी आणायचीच काय ती बाकी आहे.

मॅडमनी रक्त तपासलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"शैलाताई, कॅप्सूल आपण निम्मी केली. रक्तातलं औषध तेवढंच आहे. पहिल्याइतकं. हे कसं?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही जास्तीच्या घेताय का? काही पेशंट किडनीच्या भीतीने घेतात."

"मॅडम, ज्या सांगितल्यात त्या घ्यायचासुद्धा मला कंटाळा येतो."

"मग तपासणी चुकली असेल. पुन्हा रक्त देऊन जा." त्यांनी माझी मान पुन्हा चाचपली. "पण गाठी वाढताहेत, ते चुकलेलं नाही. पुढच्या आठवड्यात असंच दिसलं तर केमो सुरू करावी लागेल. आणि तुमची आत्ताची तब्येत बघता ती झेपेल, असं मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही."

धनाजींनी माझा हात धरला. भर दवाखान्यात. आमच्या लग्नातसुद्धा भटजींनी तीनदा सांगितल्यावर धरला होता.

तेव्हा मला खरंच भीती वाटली. तोवर मी सगळ्याची टिंगल करून वेळ मारून नेत होते. पण एसटीच्या खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघताना मनात आलं, की पुढच्या हंगामात हे असतील आणि मी नसेन. मला मरायचं नव्हतं. अगदी साधी गोष्ट आहे, पण ती मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकी स्वच्छ कळली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आत्ती देवळात गेल्या होत्या, धनाजी बाजारात. मी चहा केला आणि चोथा टाकायला मागच्या दारी कढीपत्त्याच्या कुंडीपाशी गेले. आत्ती कुठलीच गोष्ट वाया घालवत नाहीत. चोथा, सालं, अंड्याची टरफलं, सगळं त्या कुंडीत. म्हणून तर आमचा कढीपत्ता आळीत पहिला.

चोथ्याच्या ढिगात काहीतरी पिवळं दिसलं. मी वाकले. कॅप्सूलचं अर्धं टरफल. शेजारी पांढरं अर्धं. काडीने माती उकरली, तर खाली विरघळून चिकट झालेली आणखी किती तरी.

मी तिथेच खाली बसले. नाचणीची पेज. ताकदीची मेथी. तळाचं पाणी घालून पाजणं. आधी आणून ठेवलेल्या गोळ्यांची पाकिटं घरात पडून होतीच, आणि डबा कुणाकडे होता हे वेगळं सांगायला नको.

आत्ती परत आल्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. तळहातावर ती टरफलं.

"हे काय आहे, आत्ती?"

त्यांनी बघितलं. प्रसादाचं खोबरं हातात तसंच राहिलं.

"पेजेत घालत होता?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

"डॉक्टरांनी कमी केल्या होत्या! तुम्हाला सांगितलं होतं!"

"सांगितलं हुतं."

मग माझा तोल सुटला. लग्नानंतर त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्हाला तुमची किडनी पाहिजे! बाकी काही नको! मी मेले तरी चालेल, तुमची किडनी जगली पाहिजे! दिलीत कशाला मग? काढून घ्या! बोलवा डॉक्टरांना, घेऊन जा तुमची वस्तू, आणि दिवसातून चारदा पाजा तिला पाणी!"

आत्ती खाली बसल्या. होत्या तिथेच, भिंतीला टेकत, हळूहळू. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"तुज्या मामंजींच्या गोळ्या बी अशाच कमी केल्या हुत्या," त्या म्हणाल्या.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते.

"साताऱ्याला ठेवलं हुतं त्यास्नी. लिवराचं दुखणं. मूठभर गोळ्या खायाचे. आन एक दिवशी ह्या धन्याचा चुलता आला, म्हटला वैनी, गोळ्या कमी केल्या, सुधारणा हाय, आता घरी न्यायचं. पेढं घेऊन आला हुता. असाच पुडा." त्यांनी फळीकडे बघितलं. "मला काय कळतंय? मी खुळी, आळीभर पेढं वाटलं. घरोघर जाऊन. माजा माणूस बरा झाला म्हणून सांगितलं. समदी पेढं खात हुती आन माज्याकडं बघत न्हवती. समद्यास्नी ठावं हुतं, गं. माज्या पोरांस्नी बी ठावं हुतं. मला एकलीला ठावं न्हवतं."

मी टरफलं मुठीत घट्ट धरली.

"त्याच आठवड्यात गेले. ज्या दारात मी पेढं दिलं, त्याच दारातनं माणसं तिरडीला आली."

चुलीवरचं दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"धन्या पुडा घेऊन आला, तवाच वळखलं मी," आत्ती म्हणाल्या. "गोळ्या कमी केल्या म्हंजी डागदरनं सोडली हिला. नळ सोडून रडतोय ह्यो. छाया आली, पोरं घरी ठेवून. समद्यांनी मिळून सोडली तुला. म्हटलं, सोडू द्या. मी न्हाई सोडायची."

"आत्ती—"

"गोळ्या घरात हुत्या. पयल्यासारक्या दिल्या. पयल्यासारकी हुशील म्हटलं."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, धनाजींचा नियम धाब्यावर बसवून. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. विषाणू, पहारा, गाठी, सगळं.

"म्हंजी गोळीनं गाठ वाढती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"आन मी..." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. ज्या हातांनी पेज ढवळली त्या. "मी गाठीला चारत हुती."

आयुष्यात पहिल्यांदा मी आत्तींना रडताना पाहिलं. आवाज नाही, पदर नाही, नुसतं पाणी.

"तुम्हाला सांगितलं असतं, तर कशाला चारलं असतं?" मी म्हणाले. "पेढे आणण्यापेक्षा खरं सांगणं सोपं होतं. पण आमचं घर हुशार."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर कोल्हापूरला आल्या. धनाजींना सांगितलं, "तू बस भाईर. तुला काय जमत न्हाई." मॅडमच्या खोलीत शिरताच त्या खुर्चीवर न बसता टेबलाजवळ उभ्या राहिल्या.

"मी दिल्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "हिचा काय बी दोष न्हाई. तिला ठावं न्हवतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मॅडमनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. आणि मला चक्क असं वाटलं, की त्यांना बरं वाटलंय.

"आजी, तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का?"

"कळलंय. आता पुढचं बोला."

"पुढचं म्हणजे, गोळ्या कमी करण्याचा उपाय अजून झालेलाच नाही. तो आजपासून सुरू करू. केमोचं थांबवू, थोडे दिवस बघू. पण एक लक्षात घ्या." मॅडमनी आत्तींकडे बघितलं. त्यांना माहीत होतं किडनी कुणाची आहे. "या वेळी मी आणखी कमी करणार आहे. तुम्ही दिलेली किडनी जाण्याची शक्यता खरी आहे."

मी खाली बघत राहिले. दोन वर्षं माझ्यात वाढलेलं ते ठाणं, ते फडकं, तो फोन, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

"मग जाऊ दे की," आत्ती म्हणाल्या.

"आजी, नीट विचार करून—"

"दिल्यावर परत कोण मागतंय, बाई? मी काय उसनी दिली हुती?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता. "किडनी गेली तर जाऊ दे. ही ऱ्हायली पायजे. तेवढ्यासाठी दिली हुती."

समितीला दिलेलं उत्तर मी इतकी वर्षं मनात घडी घालून ठेवलं होतं. ते मी तिथेच, त्या खोलीत टाकून दिलं.

पहारा जागा झाला. आधी काखेतली गाठ मऊ पडली, मग मानेतल्या. पावसाळा संपेपर्यंत हाताला लागेनाशा झाल्या. किडनी कुरकुरली, रक्तातले आकडे थोडे वर गेले आणि तिथेच राहिले. मॅडम म्हणाल्या, हिचा स्वभाव चिवट आहे. मी म्हणाले, घराण्याचाच आहे.

आत्तींनी फोडणीचा डबा माझ्या हवाली केला. चारचा फोन येत राहिला, पण तो बदलला होता.

"पाणी प्यालीस का?" एवढंच विचारायच्या. कधी म्हणायच्या, "तुज्या किडनीला जप." तुझ्या! पेजेची वाटी पुढे सरकवताना हात आखडता घ्यायच्या, माझी साडी नीट करतानाही विचारल्यासारखं करायच्या. दोन वर्षं जी सुटका मी मागत होते, ती मिळाली होती. आणि मला ती अजिबात आवडली नव्हती.

एके दिवशी फोन वाजला तेव्हा खिडकीवर गर्दी होती. एक बाई मीटर जळाल्याची तक्रार घेऊन उभी होती.

"पाणी प्यालीस का?"

"कुणाला पाजू?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"पाणी कुणाला पाजायचं ते सांगा ना, आत्ती."

"तुज्या किडनीला," आत्ती दबक्या आवाजात म्हणाल्या.

"ती माझी नाही. तुमची आहे. मी नुसती सांभाळते."

शेजारी कुंभारबाईंनी मान वर केली होती. मीटरवाली बाईसुद्धा वाट बघत होती.

"आत्ती?"

"मग पाज की भवाने, माजी हाय तर!" फोनमधून इतका मोठा आवाज आला, की खिडकीवरची सगळी रांग दचकली. "उन्हाचा चटका बघ केवढा हाय! माजी किडनी वाळवून मारतीस का?"

"पाजते, आत्ती."

"पाजते न्हवं, पाज! मी फोन धरून हाय."

मी बाटली उघडली, फोन गळ्याजवळ धरला आणि डोळे पुसत पुसत सगळं पाणी प्याले.